वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील राज्य विद्यापीठात प्रवेशाची शक्यता कशी जोखावी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्यामुळे ती येथे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्रातील प्रश्न बहुतेक पालकांच्या मनात असतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे. उरलेल्या तिघांनी स्वतःच्या प्रश्नाआधी तेही वाचावे, ही विनंती.

प्रश्न : माझी मुलगी फोंडा तालुक्यातील एका हायर सेकंडरीत गोवा बोर्डाच्या अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दहावीला तिला ९३ टक्के गुण होते. तिला सागरी जीवशास्त्र शिकायचे आहे आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो, बर्कली आणि लॉस एंजेलिस या तीन ठिकाणी अर्ज करण्याचा तिचा आग्रह आहे. एका सल्लागाराने तिच्या गुणपत्रिका पाहून ‘सत्तर टक्के शक्यता आहे’ असे सांगितले. माझ्या भावाने मात्र इंटरनेटवर पाहून ‘तिथे शंभरात नऊच घेतात, नाद सोडा’ असे बजावले. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीची सॅट परीक्षाही तिथे लागत नाही असे ऐकते. या दोन आकड्यांपैकी कोणता खरा मानावा?
— एक आई, फोंडा

उत्तर : ताई, दोन्ही आकडे बाजूला ठेवा, कारण त्यांपैकी एकही तुमच्या मुलीचा नाही. भावाने सांगितलेला आकडा खरा आहे, पण तो लॉस एंजेलिसला अर्ज करणाऱ्या सगळ्यांचा मिळून आहे. सल्लागाराचा आकडा कशावरून काढला हे त्याने सांगितलेले दिसत नाही. सत्तर टक्के शक्यता म्हणजे तुमच्या मुलीसारख्या, म्हणजे भारतीय बोर्डाच्या, परदेशी म्हणून अर्ज करणाऱ्या, त्याच विषयाच्या आणि तशाच गुणांच्या दहा मुलींपैकी सात जणींना मागील वर्षी प्रवेश मिळाला असला पाहिजे. त्या दहा मुली कोणत्या आणि तिन्हींपैकी कोणत्या ठिकाणच्या, एवढेच त्यांना विचारा. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर त्या आकड्यावर पैसे भरू नका.

आपल्याकडे प्रवेशाचा अंदाज बांधण्याची एक सवय लागलेली आहे आणि ती आपल्या व्यवस्थेपुरती योग्यही आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश हवा असेल तर नीटचे गुण, आपला प्रवर्ग आणि मागील वर्षी यादी कोठे थांबली हे पाहिले की बऱ्यापैकी खरा अंदाज बांधता येतो, कारण तेथे गुणांची एक उतरंड असते आणि ती एका ठिकाणी तुटते. कॅलिफोर्निया विद्यापीठात असे कटऑफ नाही. परदेशी विद्यार्थ्याने माध्यमिक पातळीवर ४ पैकी ३.४ या श्रेणीसरासरीच्या तोडीचे काम केलेले असावे अशी किमान अट आहे, पण ती अर्ज विचारात घेण्यापुरती आहे. तिच्या वर असणारे हजारो विद्यार्थी दरवर्षी नाकारले जातात. त्यापुढे प्रशिक्षित परीक्षक प्रत्येक अर्ज १३ निकषांवर वाचतात आणि त्या निकषांना ठरावीक टक्केवारीचे वजन दिलेले नसते. गुण आणि निवडलेल्या विषयांचा अवघडपणा हे सर्वांत महत्त्वाचे. त्याखेरीज विद्यार्थ्याला मिळालेल्या संधींच्या मानाने त्याने काय केले, अलीकडच्या काळात लक्षणीय सुधारणा झाली का, एखाद्या विषयात विशेष काम केले का, घरची परिस्थिती कशी आहे, हेही पाहिले जाते. म्हणून ‘९३ टक्के पुरेत का’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तरच संभवत नाही.

मग शक्यता जोखायची कशी? सर्वांत आधी आपण कोणत्या रांगेत उभे आहोत ते ओळखावे लागते, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक पालक गाळतात. अमेरिकेतील राज्य विद्यापीठे त्या त्या राज्याच्या करदात्यांच्या पैशावर उभी राहिलेली आहेत आणि त्यांचे पहिले कर्तव्य राज्यातील मुलांना शिकवण्याचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने २०१७ साली राज्याबाहेरच्या पदवी विद्यार्थ्यांच्या प्रमाणावर १८ टक्क्यांची मर्यादा घातली. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो येथे हे प्रमाण आधीच त्याहून अधिक होते, म्हणून तेथे ते गोठवण्यात आले, आणि पुढे २०२१ साली राज्याच्या अर्थसंकल्पाद्वारे या तिन्ही ठिकाणी ते टप्प्याटप्प्याने १८ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे ठरले. या मर्यादेत अमेरिकेच्या इतर राज्यांतील विद्यार्थीही येतात आणि आपलेही, हे विसरू नका. तुमच्या मुलीने निवडलेली तीनही ठिकाणे नेमकी हीच आहेत.

इतर राज्यांत चित्र याहून कडक असू शकते. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील शाखेत नव्याने प्रवेश घेणाऱ्यांपैकी किमान ९० टक्के टेक्सासचे रहिवासी असावेत असे बंधन आहे आणि त्यांतील बहुसंख्य जागा राज्यातील शाळांमध्ये वर्गात अगदी वरच्या क्रमांकावर असणाऱ्या मुलांना आपोआप मिळतात. १९९७ च्या कायद्यात हा वरचा भाग दहा टक्के होता. ऑस्टिनपुरता तो आता पाच टक्क्यांवर आला आहे. जॉर्जिया टेकमध्ये राज्यातील अर्जदारांपैकी साधारण तिनातील एकाला प्रवेश मिळतो, राज्याबाहेरच्यांपैकी साधारण दहातील एकाला. दोघांचा मिळून काढलेला टक्का यांपैकी कोणाच्याच उपयोगाचा नाही.

रांगेचा दुसरा भाग म्हणजे विषय. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन येथे एकूण प्रवेशाचा टक्का पाहून मन सुखावते, पण संगणकशास्त्राचा टक्का दहाच्याही खाली असतो. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात संगणकशास्त्रासाठी राज्याबाहेरच्या अर्जदारांना प्रवेश मिळण्याचा टक्का अगदी एकेरी आकड्यात आहे, जरी ते विद्यापीठ एकंदरीत एवढे दुष्प्राप्य नाही. लॉस एंजेलिसला मात्र साहित्य व विज्ञान महाविद्यालयात अर्ज करताना लिहिलेला विषय निवडीच्या वेळी विचारात घेतला जात नाही. अभियांत्रिकी, परिचर्या आणि कला यांसारख्या विभागांत घेतला जातो. जीवशास्त्र साहित्य व विज्ञान महाविद्यालयातच येते, त्यामुळे तेथे तुमच्या मुलीवर विषयाचे वेगळे ओझे पडणार नाही. प्रत्येक विद्यापीठाचा हा नियम वेगळा असल्याने तो त्या त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावा, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

आता आकडे. लॉस एंजेलिसला पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी २०२२ पासून दरवर्षी १,४०,००० हून अधिक अर्ज येत आहेत आणि सुमारे ९ टक्क्यांना होकार मिळतो. बर्कलीचे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास आहे. सॅन डिएगो अर्जदारांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला प्रवेश देते, रिव्हरसाइडला ७० टक्क्यांहून अधिकांना होकार मिळतो आणि मर्सेडला तर ९० टक्क्यांच्या आसपास. हे सर्व एकाच विद्यापीठाचे भाग आहेत, एकाच अर्जावर चालतात आणि एकाच नावाची पदवी देतात. यांपैकी कोणत्याही ठिकाणचा टक्का पाहताना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर रहिवासानुसार केलेली फोड पाहावी आणि आंतरराष्ट्रीय अर्जदारांचा स्तंभ वाचावा. इतर विद्यापीठांसाठी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे दरवर्षीचे निवेदन उपयोगी पडते. बहुतेक मोठी विद्यापीठे ते प्रसिद्ध करतात. त्याच्या ‘सी’ विभागात कोणत्या गोष्टीला किती महत्त्व दिले जाते याचा तक्ता असतो आणि प्रवेश घेतलेल्यांच्या गुणांचा मधला अर्धा भाग दिलेला असतो, म्हणजे ज्याच्या खाली एक चतुर्थांश विद्यार्थी आहेत तो आकडा आणि ज्याच्या वर एक चतुर्थांश आहेत तो आकडा. परदेशी अर्जदाराने स्वतःला या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी ताडून पाहावे. खालच्या टोकाशी जे असतात त्यांच्यापैकी पुष्कळांकडे दुसरे काही असते, खेळाडू म्हणून झालेली निवड म्हणा किंवा राज्यातील दुर्गम भागातील शाळा म्हणा, जे आपल्याकडे नाही.

येथे एक गोंधळ टाळा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पानांवर निवडलेल्यांची सरासरी ४ च्या वर, ४.२ किंवा ४.३ अशी दिसते आणि आपली मुले ती पाहून खचतात. तेथील शाळांत वरच्या पातळीचे विशेष अभ्यासक्रम असतात आणि त्यांना जादा अंक मिळतात, म्हणून सरासरी चारच्या वर जाते. गोवा बोर्डाच्या विद्यार्थ्याला ती सोयच नाही, आणि परीक्षकांना हे ठाऊक असते. उपलब्ध संधींच्या मानाने मूल्यमापन करणे हा त्यांच्या निकषांतलाच भाग आहे. म्हणून ९३ टक्क्यांचे रूपांतर करून तो आकडा ४.२ शी ताडणे निरर्थक आहे.

सॅटबद्दल तुम्ही ऐकले ते बरोबर आहे. २०२० साली नियामक मंडळाने सॅट आणि एसीटी या परीक्षा प्रवेशातून काढून टाकण्याचा निर्णय घेतला आणि २०२१ पासून हे गुण पाठवले तरी निवडीसाठी पाहिलेच जात नाहीत. पण त्यामुळे प्रवेश सोपा झाला असे समजू नका. एक मोजमाप गेले की उरलेल्या मोजमापांवरचा भार वाढतो आणि अर्जदारांची संख्याही वाढते. लॉस एंजेलिसचे आकडे तेच सांगतात. शिवाय जॉर्जिया टेक, टेक्सास-ऑस्टिन, पर्ड्यू यांसारख्या राज्य विद्यापीठांत ही परीक्षा आवश्यक आहे. तेव्हा केवळ कॅलिफोर्नियाचे पाहून सॅट सोडून देणे म्हणजे इतर दारे स्वतःच्या हाताने लावून घेणे होईल.

सॅट नाही, शिफारसपत्रेही सर्वसाधारणपणे मागत नाहीत, मग उरते काय? उरतात शाळेचे गुण आणि विद्यार्थिनीचे स्वतःचे लेखन. गुणांच्या बाबतीत आपल्या पालकांचा मोठा गैरसमज होतो. आपल्याकडे दहावी आणि बारावी ही वर्षे खरी मानली जातात आणि अकरावी ‘आरामाची’ समजली जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज नोव्हेंबरअखेरपर्यंत द्यायचा असतो आणि निर्णय मार्चअखेरपर्यंत कळतो. गोवा बोर्डाची बारावीची परीक्षा अलीकडे फेब्रुवारीत सुरू होते. त्यामुळे परीक्षक अर्ज वाचतात तेव्हा बारावीचा निकाल कोणाच्याच हाती नसतो. त्यांच्यासमोर नववीपासूनचे गुण असतात आणि त्यांतही दहावी व अकरावी ही दोन वर्षे सर्वांत महत्त्वाची. बारावीचे गुण नंतर पाठवावे लागतात आणि ते फार घसरले तर दिलेला प्रवेश काढून घेतला जाऊ शकतो. तुमची मुलगी आत्ता अकरावीत आहे, म्हणजे तिच्या अर्जातील सर्वांत निर्णायक वर्ष आत्ता चालू आहे. तिची शक्यता वाढवण्याची जी काही ताकद तुमच्या घरात आहे, ती या वर्षात लावा. सल्लागाराच्या फीपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल.

लेखनाचे म्हणाल तर आठ प्रश्नांपैकी चार निवडून प्रत्येकाचे उत्तर जास्तीत जास्त ३५० शब्दांत लिहायचे असते. त्याशिवाय उपक्रम, काम, पारितोषिके मिळून वीसपर्यंत नोंदी करता येतात. येथे गोव्यातील मुले स्वतःला फार कमी लेखतात, असे मला वारंवार दिसते. आजोबांच्या कुळागरात पाण्याची पाळी सांभाळणे, गावच्या नाट्यमंडळात वर्षानुवर्षे काम करणे, कला अकादमीच्या स्पर्धेत उतरणे, घरच्या दुकानात संध्याकाळी बसणे, या गोष्टी अर्जात लिहिण्याजोग्या आहेत, कारण तो अर्ज घरातील जबाबदाऱ्या आणि काम यांची नोंद मुद्दाम मागतो. सागरी जीवशास्त्राचे नाव घेणाऱ्या मुलीने मोरजी, आगोंद किंवा गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम जवळून पाहिले असेल, दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या खुल्या दिवशी जाऊन तिने प्रश्न विचारले असतील, मांडवीच्या खाजनांतील माशांची एका पावसाळ्यापुरती का होईना पण शिस्तीने नोंद ठेवली असेल, तर तिच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे. ते नसेल तर अकरावीचे उरलेले महिने आणि पुढची सुट्टी अजून हाताशी आहे. अर्जासाठी म्हणून घाईने गोळा केलेली दहा प्रमाणपत्रे मात्र कोणालाही फसवू शकत नाहीत.

एवढे सगळे पाहून माझे मत विचाराल तर ते असे आहे. बर्कली आणि लॉस एंजेलिस ही ठिकाणे परदेशातून अर्ज करणाऱ्या उत्तमातल्या उत्तम विद्यार्थ्यासाठीसुद्धा ‘मिळाले तर मिळाले’ याच वर्गात धरावीत. सॅन डिएगोची निवड तिच्या विषयासाठी सार्थ आहे, कारण स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्था त्याच विद्यापीठाचा भाग आहे, पण अकरावीचे गुण दहावीइतकेच किंवा अधिक आले तरीही ते ‘शक्य, पण भरवशाचे नाही’ असे समजावे. यादीत सांता क्रूझ आणि सांता बार्बरा ही याच विद्यापीठाची समुद्रकाठची दोन ठिकाणे जरूर घाला. सांता क्रूझला सागरी जीवशास्त्राची स्वतंत्र पदवी आहे आणि किनाऱ्यावर स्वतःची प्रयोगशाळा आहे. आणि रिव्हरसाइडसारखे एक तरी ठिकाण असे असू द्या की जेथे जायला ती मनापासून तयार आहे. मनात नसलेले ठिकाण केवळ यादी भरण्यासाठी लिहिले, तर त्याला सुरक्षित पर्याय म्हणता येत नाही.

खर्चाचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो शक्यतेचाच भाग आहे. राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला रहिवाशाच्या शुल्काखेरीज मोठे अतिरिक्त शुल्क भरावे लागते आणि राहणे-जेवणे धरून एका वर्षाचा खर्च ७५,००० डॉलरच्या वर जातो, म्हणजे साठ लाख रुपयांहून अधिक. अमेरिकेच्या केंद्र आणि राज्य सरकारची मदत परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही आणि विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या त्यांच्यासाठी फार थोड्या असतात. प्रवेश मिळाल्यावर व्हिसासाठी पैशांची सोय दाखवावी लागते. अर्जाची फीसुद्धा परदेशी विद्यार्थ्यांना प्रत्येक ठिकाणासाठी ९५ डॉलर आहे. चार वर्षांचा हिशेब घरात आज, मुलीसमोर बसून करा. जमीन विकून किंवा डोईजड कर्ज काढून पदवीसाठी जाण्यापेक्षा येथे विज्ञानाची पदवी घेऊन पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर जाणे हा रस्ता अनेकांना अधिक मानवतो, कारण संशोधनाच्या पातळीवर तेथे साहाय्यवृत्ती मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण आहे, हेही तिच्या यादीत असू द्यावे.

प्रश्न : मी गणिताचा शिक्षक आहे. माझ्या मुलाने दहा टक्के प्रवेशदर असलेल्या दहा विद्यापीठांत अर्ज करायचे ठरवले आहे. एकाही ठिकाणी न मिळण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के येते. म्हणजे कोठेतरी मिळण्याची शक्यता ६५ टक्के झाली. हा हिशेब बरोबर आहे ना?
— एक वाचक, साखळी

उत्तर : गुणाकार बरोबर आहे, गृहीतक बरोबर नाही. सर, तुम्ही वर्गात शिकवताच की संभाव्यतांचा असा गुणाकार घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच करता येतो. येथे दहाही अर्जांत मुलगा तोच, गुणपत्रिका तीच आणि बऱ्याच अंशी लेखनही तेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नऊही शाखांना तर तीच चार उत्तरे जातात. प्रत्येक शाखा ती स्वतंत्रपणे वाचते, पण वाचते तेच. अर्जात एखादी गोष्ट कमकुवत असेल तर ती दहाही ठिकाणी कमकुवत दिसणार, आणि एक नकार आला की पुढच्या नकाराची शक्यता वाढलेलीच असते. दुसरे म्हणजे दहा टक्के हा त्या विद्यापीठाचा दर आहे, तुमच्या मुलाचा नाही. त्या गर्दीत ज्यांची शक्यता जवळजवळ शून्य आहे असेही असतात आणि ज्यांची निम्म्याहून अधिक आहे असेही. मुलगा त्या गर्दीत कोठे उभा आहे हे कळल्याखेरीज दहा हा आकडा वापरता येत नाही, आणि तो परदेशी अर्जदार असेल तर सुरुवातच त्याहून खालून करावी लागेल.

म्हणून ६५ टक्के ही या हिशेबाची वरची मर्यादा समजा. प्रत्यक्षातील आकडा दहा आणि पासष्ट यांच्यामध्ये कोठेतरी, आणि माझ्या मते निम्म्याच्या बराच खाली असेल. त्याच प्रकारचे आणखी पाच अर्ज वाढवून तो फारसा वर जाणार नाही. त्याऐवजी जेथे त्याच्यासारख्या अर्जदारांपैकी साठ टक्क्यांना प्रवेश मिळतो अशी दोन ठिकाणे घातली, तर तुमच्याच सूत्राने ०.४ चा वर्ग ०.१६, म्हणजे ८४ टक्के येतात. अवलंबित्वासाठी त्यातून बरेच वजा केले तरी ते त्या दहा ठिकाणांच्या बेरजेपेक्षा भक्कम ठरते.

प्रश्न : माझा सख्खा मामा वीस वर्षे कॅलिफोर्नियात राहतो आणि कर भरतो. त्याचा पत्ता दिला तर मला रहिवासी धरतील का? तसेच आमच्या वडिलांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे आणि माझाही होऊ शकतो. त्याचा प्रवेशात काही फायदा होईल का?
— एक विद्यार्थी, बार्देश

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. रहिवास ठरवताना विद्यार्थ्याचा आणि, तो आर्थिकदृष्ट्या त्यांच्यावर अवलंबून असेल तर, त्याच्या आईवडिलांचा विचार होतो, मामाचा नाही. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला तेथे राहूनही राज्याचा रहिवासी होता येत नाही. मामाचा पत्ता घालून स्वतःला रहिवासी म्हणून दाखवणे म्हणजे खोटी माहिती देणे होय आणि त्यापायी मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. पोर्तुगीज नागरिकालाही अमेरिकेत विद्यार्थी व्हिसाच लागतो आणि प्रवेशाच्या दृष्टीने तो आंतरराष्ट्रीय अर्जदारच राहतो. पासपोर्टचा निर्णय घराने इतर कारणांसाठी घ्यायचा असेल तर तो वेगळा विषय आहे. युरोपातील सरकारी विद्यापीठांच्या शुल्कात त्याने फरक पडू शकतो, कॅलिफोर्नियाच्या शुल्कात नाही. मामाचा खरा उपयोग, पहिल्या वर्षी राहायला घर आणि अडीअडचणीला माणूस, हा काही कमी नाही.

प्रश्न : मी बारावीत आहे. दहावीला ८९ टक्के होते, पण गेल्या वर्षी बाबांच्या आजारपणात त्यांच्या विक्रीच्या गाडीवर मीच बसायचो आणि त्यांना दवाखान्यात न्यायचो, त्यामुळे अकरावीला ६८ टक्के मिळाले. या वर्षी सर्व चाचण्यांत पुन्हा ८५ च्या वर आहे. अभियांत्रिकी शिकायची इच्छा आहे. एका ठिकाणी ‘तुझे दार बंद झाले’ असे सांगण्यात आले. खरेच बंद झाले का?
— एक विद्यार्थी, काणकोण

उत्तर : बर्कली आणि लॉस एंजेलिसचे अभियांत्रिकीचे दार पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी तुला बंद आहे असे धरून चाल, एवढे मी स्पष्ट सांगतो, कारण खोटी आशा दाखवणे तुझ्यावर अन्याय करणारे ठरेल. पण दार एकच नाही.

आधी अर्जाविषयी. अकरावीचे गुण का घसरले हे लपवू नकोस आणि त्याचे रडगाणेही गाऊ नकोस. अर्जात अधिकची माहिती देण्यासाठी वेगळी जागा असते. तेथे बाबांचा आजार केव्हा सुरू झाला, गाडीवर तू रोज किती तास बसत होतास, आता परिस्थिती काय आहे आणि या वर्षी चाचण्यांत किती गुण मिळाले, हे चार-पाच साध्या वाक्यांत लिही. अलीकडची लक्षणीय सुधारणा आणि परिस्थितीच्या संदर्भात मिळवलेले यश हे दोन्ही मघाशी सांगितलेल्या १३ निकषांत स्पष्टपणे येतात. घर चालवण्यासाठी केलेले काम उपक्रमांच्या नोंदीत तासांसह लिहायचे असते. आजारपणाने ६८ चे ८९ होत नाहीत, पण ६८ कडे पाहण्याची नजर बदलते, आणि रिव्हरसाइड किंवा मर्सेडसारख्या ठिकाणी तेवढ्यानेही फरक पडू शकतो.

दुसरा रस्ता अधिक लांबचा आहे आणि आपल्याकडे तो फारसा कोणी सांगत नाही. कॅलिफोर्नियात ११६ सरकारी कम्युनिटी कॉलेज आहेत. तेथे पहिली दोन वर्षे शिकून तिसऱ्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठात बदलीने प्रवेश घेता येतो, आणि विद्यापीठात बदलीने येणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक विद्यार्थी याच कॉलेजांतून येतात. परदेशी विद्यार्थ्यांनाही हा मार्ग खुला आहे. लॉस एंजेलिसला पहिल्या वर्षाच्या अर्जदारांपैकी शंभरात नऊ निवडले जातात, तर बदलीच्या अर्जदारांपैकी साधारण चौथा हिस्सा. शिवाय डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा शाखा बदली प्रवेशाची हमी देतात. ठरलेले विषय ठरलेल्या गुणांनी पूर्ण केले आणि सप्टेंबर महिन्यात हमीचा अर्ज आणि त्यानंतर प्रवेशाचा अर्ज वेळेवर केला, तर जागा नक्की. ही हमी एका वेळी एकाच शाखेची घेता येते, आणि अभियांत्रिकीच्या काही विषयांना ती लागू नसते किंवा त्यासाठी गुणांची अट अधिक असते, हे आधी पाहून घे. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो अशी हमी देत नाहीत, पण अर्ज तेथेही करता येतो.

या मार्गात तुझ्या अकरावीच्या गुणांचे वजन जवळजवळ उरत नाही, कारण कॉलेजातील दोन वर्षांचे गुण पाहिले जातात. पहिल्या दोन वर्षांचे शुल्कही विद्यापीठाच्या मानाने खूपच कमी असते, जरी राहण्याचा खर्च तेवढाच राहतो. तोटा असा की पहिली दोन वर्षे पुष्कळशी एकट्याने काढावी लागतात आणि विषय निवडताना एक चूक झाली तरी वर्ष जाते, म्हणून कोणता विषय कोठे ग्राह्य धरला जातो हे कॅलिफोर्नियाच्या ‘असिस्ट’ नावाच्या अधिकृत संकेतस्थळावर पहिल्याच सत्रात तपासून घ्यावे लागेल. बाबांची तब्येत अजून नाजूक असेल तर घरापासून इतके दूर जाण्याचा विचार त्यांच्याशी आणि आईशी बोलूनच कर. येथील अभियांत्रिकीच्या प्रवेशाचे अर्जही त्याच वेळी भर. फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात तुला जागा मिळाली, तर चार वर्षांनी पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करताना अकरावीची गुणपत्रिका तुला कोणी मागणार नाही.